औषधाची खिडकी

९ फेब्रुवारी

आजपासून माझी बदली तुरुंगाच्या दवाखान्यात. बावीस वर्षं झडती पथकात काढली आणि आता गुडघ्याने दगा दिला म्हणून एका खिडकीपाशी उभं राहायचं. अधीक्षक ओकली म्हणाले, "ग्लेनिस, सोपी ड्यूटी आहे." सोपी म्हणजे निकामी, एवढं मला कळतं.

सरकारी नोंदवहीत वेळ, नाव आणि नंबर लिहायचा. मला जे लिहावंसं वाटतंय ते तिथे लिहिलं तर माझीच चौकशी लागेल. म्हणून ही वही. रॉसने विचारलं, "काय खरडतेस?" म्हटलं, "किराण्याची यादी." नवऱ्याने पुढे काही विचारलं नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात तो एवढं शिकलाय.

आमच्या वॅरंडील तुरुंगात सहाशे माणसं. त्यातली एकेचाळीस रोज सकाळी आठला औषधाच्या खिडकीपुढे रांग लावतात. गर्दची सवय सुटावी म्हणून त्यांना जिभेखाली ठेवायची एक नारिंगी पट्टी मिळते. ती विरघळेपर्यंत मी समोर उभं राहायचं आणि मग तोंडात डोकावायचं. मी गाद्यांतून, बुटांच्या टाचांतून, एकदा तर वाढदिवसाच्या कार्डाच्या पुठ्ठ्यातून गर्दच्या पुड्या काढल्यात. आता नशेबाजाला सरकारी नशा मिळते की नाही यावर पहारा द्यायचा!

नर्सचं नाव सेमिसी. टोंगा बेटांवरचा आहे, दाराएवढा रुंद. काम करताना चर्चची गाणी गुणगुणतो. मी म्हटलं, "हे सगळं थोतांड आहे असं माझं मत आहे. आधीच सांगते." तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. चहात साखर किती?"

११ फेब्रुवारी

जीभ वर, जीभ बाहेर, ओठ उलटा, पाणी पी, पुन्हा दाखव. एकेचाळीस तोंडं. दात फारच थोडे.

कोडी हॅनफर्ड नावाचा एक आहे, एकतीस वर्षांचा. बाहेर असताना मेंढ्यांची लोकर कातरायचा. खांदा निखळला, डॉक्टरने वेदनेच्या गोळ्या दिल्या, मग गोळ्या बंद केल्या, मग हा गर्दवर गेला, मग चोऱ्या. इथे प्रत्येकाची गोष्ट खांद्यापासून नाहीतर बापापासून सुरू होते. पण हा तोंड उघडण्याआधी "गुड मॉर्निंग, मिस" म्हणतो. त्याची आई शर्ली दर दुसऱ्या शनिवारी तीन तास गाडी हाकत मुलाकातीला येते.

१८ फेब्रुवारी

हॅनफर्डच्या पायात आज फाटक्या सपाता. आईने ख्रिसमसला दिलेले बूट कुठे गेले विचारलं तर म्हणतो, "मित्राला दिले, मिस." मित्राला! पुडीसाठी विकले असणार. आईने तीन तास गाडी चालवायची आणि याने बूट फुंकायचे.

सेमिसीने माझ्या टेबलाच्या खणात एक डबी ठेवली. नाकात मारायचा फवारा आहे. कुणी गर्द जास्त घेतलं आणि श्वास थांबला तर हा मारायचा म्हणे. मी म्हटलं, "मला नर्स करतोस का?" तो म्हणाला, "माणूस निळा पडतो तेव्हा जो जवळ असतो तो नर्स." मोठी मोठी वाक्यं टाकायची सवय आहे त्याला. डबी मी खणात मागे ढकलली.

२६ फेब्रुवारी

हॅनफर्डच्या गालावर जखम. "हँडबॉल खेळताना पडलो." आजकाल तो जेवायलाही उशिरा जातो, पटांगणात भिंतीला चिकटून उभा राहतो. खिडकीवरून निघाला की ब्रॅट स्टँको त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला घेऊन जातो. स्टँको म्हणजे आमच्या ब बराकीतला दांडगा, अंगाने रेड्यासारखा. दोघांची दोस्ती झालेली दिसते. बरं आहे, एकट्या माणसाला तुरुंग खातो.

४ मार्च

पकडला! हॅनफर्डने पट्टी वरच्या हिरडीला चिकटवली होती. पाणी प्यायला, जीभ दाखवली, सगळं व्यवस्थित. पण मी ओठ उलटायला लावला आणि तिथे ती नारिंगी कड. बावीस वर्षांची नजर फुकट जात नाही.

रिपोर्ट लिहिला. औषध बंद, आणि दोन महिने टेबलावरची मुलाकात बंद, फक्त काचेपलीकडून.

सेमिसीचं गुणगुणणं थांबलं. म्हणाला, "औषध बंद केलंस तर त्याला दोन दिवसांत अंगमोड सुरू होईल."

"नियम मी केलेला नाही."

"रिपोर्ट तू केलायस."

"त्याने चोरी केली, सेमिसी. विकायला निघाला होता."

"विचारलंस त्याला, कुणासाठी?"

चोराला कुणी विचारतं का?

६ मार्च

शनिवार. शर्ली हॅनफर्ड फाटकावर भेटली. बुटकी बाई, हातात डब्यात लॅमिंग्टन केक. ते आत न्यायला परवानगी नाही हे तिला दरवेळी सांगावं लागतं. काचेची मुलाकात म्हटल्यावर ती रडली नाही, भांडली नाही. एवढंच विचारलं, "मिस, तो खातोय ना?"

मी म्हटलं, "खातोय." मला माहीत नव्हतं.

९ मार्च

हॅनफर्ड कोठडीत घामाने भिजलाय, उलट्या, पाय थांबत नाहीत. मला बघून म्हणाला, "मिस, अर्धी तरी द्या." मी म्हटलं, "आधी विचार करायचा होतास." बरोबरच बोलले. तरी दुपारचं सँडविच तसंच राहिलं.

१५ मार्च

दुपारी एक चाळीस. जेवणानंतर कोठड्या बंद असतात. कोडीचा सोबती दारावर लाथा मारायला लागला. मी आणि पहाऱ्यावरचा डग धावलो. म्हणजे डग धावला, मी गुडघा ओढत गेले.

तो जमिनीवर बसलेला, मान पुढे पडलेली, ओठ जांभळे. श्वास नव्हता. घोरल्यासारखा एक आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. डग वायरलेसवर ओरडत राहिला. मी परत खणाकडे गेले. गुडघा दुखतोय हे मला नंतर संध्याकाळी कळलं. डबी फोडली, एका नाकपुडीत मारला. हनुवटी वर करून तोंडाने श्वास दिला. मोजत होते, किती ते आठवत नाही. सेमिसी आला, त्याने दुसऱ्या नाकपुडीत दुसरा फवारा मारला आणि मला म्हणाला, "थांबू नकोस."

मग कोडीने श्वास घेतला, बुडालेला माणूस वर येऊन घेतो तसा. डोळे उघडले, मला बघितलं आणि म्हणाला, "सॉरी, मिस."

मला सॉरी म्हणाला.

१६ मार्च

रजा घेतली. सेमिसीचा फोन आला. अकरा दिवस औषध नव्हतं, शरीराची सवय मोडली होती, आणि पूर्वी जेवढी पुडी पचायची तेवढीच घेतली. म्हणून. "ही गोष्ट नेहमी अशीच होते," म्हणाला.

रॉसने टोस्ट करून दिला, समोर बसला. "ट्रेव्हरची आठवण झाली का?" म्हणाला.

ट्रेव्हर माझा धाकटा भाऊ. डब्बो गावातल्या एका मोटेलमध्ये मेला, तुरुंगातून सुटल्यावर तिसऱ्या दिवशी. हृदय बंद पडलं असं आम्ही सगळ्यांना सांगतो. मी रॉसला म्हटलं, "त्याचा इथे काय संबंध?" तो बागेत टोमॅटोला पाणी घालायला गेला. काल पाऊस पडून गेलेला, पाण्याची गरज नव्हती.

१९ मार्च

कोडीला आजाऱ्यांच्या खोलीत भेटले. मी खुर्ची ओढून बसले तर तो घाबरला. जेलरबाई बसली म्हणजे काहीतरी मोठं.

"पट्टी विकत होतास का?"

तो छताकडे बघत राहिला. "मिस, मी नाव सांगणार नाही."

"नाव नको. विकत होतास का, एवढंच सांग."

"विकायला पैसे घ्यावे लागतात." हसला थोडा. "मला काय मिळायचं? मार कमी मिळायचा. आधी बूट दिले. मग म्हणाला बूट पुरत नाहीत. रोज अर्धी पट्टी तोंडात लपवून ठेवायची, बाहेर आल्यावर त्याच्या हातावर थुंकायची. दिली नसती तर दात गेले असते."

"मला सांगायचं होतंस."

"मिस, तुम्ही माझ्या तोंडात बघत होता. तोंडाकडे कुठे बघत होता?"

घरी येऊन ही वही वाचली. बूट, गाल, भिंत, खांद्यावरचा हात. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. दोस्ती झालेली दिसते, बरं आहे, असंही लिहिलंय.

२४ मार्च

सेमिसीला म्हटलं, "ते महिन्याच्या इंजेक्शनचं काय आहे, नीट सांग." इतके दिवस तो सांगत होता, मी ऐकत नव्हते. औषध तेच, पण पोटाच्या कातडीखाली एकदा टोचायचं. महिनाभर थोडं थोडं उतरत राहतं. दुसऱ्या तुरुंगांत सुरू झालंय. इथे अधिकाऱ्यांचा विरोध म्हणून अडलंय.

"कुठल्या अधिकाऱ्यांचा?" मी विचारलं.

तो चहात साखर ढवळत राहिला. मग आठवलं, गेल्या वर्षीच्या विरोधाच्या पत्रावर पहिली सही माझी होती.

२ एप्रिल

बैठक. ओकलीसाहेब, सेमिसी, आम्ही चौदा जण. डग म्हणाला, "आधी रोज फुकट, आता महिनाभराची एकदम. उद्या जेवणानंतर वाईन द्या." सगळे हसले. एरवी मीही हसले असते.

साहेबांनी मला विचारलं, "ग्लेनिस, सगळ्यात जास्त पट्ट्या तू पकडल्यास. तुझं काय मत?"

भाषण तयार केलं होतं, ते विसरले. पिशवीतून वही काढली आणि अठरा आणि सव्वीस फेब्रुवारीची पानं मोठ्याने वाचली. जशीच्या तशी, "बरं आहे" पर्यंत.

मग म्हटलं, "मी रोज दोन हातांच्या अंतरावरून बघत होते आणि मला दिसलं नाही. तोंडातली पट्टी हिसकावता येते. पोटात टोचलेलं औषध कोण हिसकावणार? आणि दुसरी गोष्ट. माणूस चुकला तर शिक्षा करा. मुलाकात तोडा, कॅंटीन तोडा, माझी हरकत नाही. पण औषध तोडू नका. मधुमेहवाल्याने मारामारी केली तर आपण त्याचं इन्सुलिन बंद करतो का? मी एकाचं बंद केलं आणि अकराव्या दिवशी त्याच्या तोंडात श्वास फुंकत होते."

डग म्हणाला, "म्हातारी मऊ झाली."

"म्हातारी झालेच आहे. मऊ झालेय का ते बाहेर ये, दाखवते."

साहेब म्हणाले, सहा महिने करून बघू. बाहेर आल्यावर डगने माझ्यासाठी दार धरलं. याचा अर्थ काय ते त्यालाच माहीत.

५ मे

पहिले बारा. कोडी तिसरा. सुई मोठी आहे, गोंदवलेले पैलवान डोळे मिटून बसतात. एक जण तर चक्कर येऊन सेमिसीच्या अंगावर पडला. सेमिसीने त्याला मांडीवर घेतल्यासारखं धरलं आणि गाणं चालू ठेवलं.

२० मे

आणखी आठ जणांना सुई टोचली, खिडकीपुढची रांग निम्मी झाली. मला काम नाही, म्हणून मी बोलते. नाइलाज आहे. आज एकाने मला पाव कसा भाजायचा ते अर्धा तास सांगितलं. बेकरीत कामाला लागलाय. पूर्वी म्हणे सकाळ पट्टी मिळवण्यात आणि दुपार ती लपवण्यात जायची. आठवड्याला सेमिसी आठ जणांना गोल बसवतो, टोंगात बसतात तसे, आणि एकेकाला बोलायला लावतो. मला म्हणाला, "तूही बस." मी दारात उभी राहते. तिथूनही सगळं ऐकू येतं.

११ जून

सगळं गोड लिहायला नको. पहिल्या बारातले दोघे सोडून गेले. एकाच्या गादीत पुन्हा गोळ्या सापडल्या. डग म्हणाला, "बघ." मी सेमिसीला विचारलं, "आता?" तो म्हणाला, "आता त्याला पुढच्या महिन्याची तारीख द्यायची." पूर्वीच्या सवयीने माझा हात रिपोर्टाकडे गेला, आणि मी रिपोर्ट लिहिलाही. पण त्याचं औषध चालू आहे.

स्टँको ज्यांना धमकवायचा ते सगळे सुईवर गेले, आता त्याला कुणाच्या तोंडातून काही मिळत नाही. पटांगणात जूनच्या कडाक्याच्या थंडीतही घाम गाळत फिरतो. बघून मला बरं वाटलं. खरं आहे म्हणून लिहून ठेवते.

३ जुलै

कोडी सुटला. सुटल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस सगळ्यात वाईट असतात. कालच इंजेक्शन दिलं, म्हणजे महिना निभेल. पिशवीत कपडे, कागद आणि फवाऱ्याच्या दोन डब्या.

शर्ली फाटकावर उभी होती, लाल कोट घालून. मी तिला चौकीत बोलावलं, रिकामी डबी तिच्या हातात दिली. "नाकात टेकवा. अंगठा दाबा. मग कुशीवर वळवा आणि अँब्युलन्सला फोन करा. तो चिडला तरी चालेल."

तिने दोनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा तिने डबी टेबलावर ठेवली. "मी हे माझ्या पोरावर करायचं?"

"बहुतेक करावं लागणार नाही. पण माझ्या आईला कुणी शिकवलं नव्हतं," मी म्हटलं. हे मी बोलणार होते असं मला माहीत नव्हतं.

तिने मला डब्यातला केक दिला. घेणं नियमात नाही. तिथेच उभ्याने खाल्ला.

२९ जुलै

शर्लीचा फोन, थेट दवाखान्यात. त्यांच्या गावी महिन्यातून एकदा येणारा डॉक्टर आजारी आहे. इंजेक्शनची पुढची तारीख तीन आठवड्यांनी. "कोडी म्हणतो होईल काहीतरी. पण तो रात्रभर जागा असतो, मिस."

सेमिसी सुटीवर. मी अकरा फोन केले. एकाने मला संगीत ऐकवत वीस मिनिटं ताटकळत ठेवलं. एकीने विचारलं, "आपण पेशंटच्या कोण?" म्हटलं, "त्याची जेलरबाई." ती म्हणाली, "थांबा हं." शंभर किलोमीटरवरच्या गावातल्या एका नर्सने उद्या दुपारी दोनची वेळ दिली.

डगने ऐकलं. म्हणाला, "हे आपलं काम नाही." थोड्या वेळाने माझ्या टेबलावर कॉफी आणून ठेवली.

३० जुलै

चार वाजता फोन. कोडी स्वतः. "झालं, मिस. आता गाडीत झोपतोय, आई चालवतेय." मागून शर्लीचा आवाज, "तिला सांग, सोमवारपासून कामाला जाणार आहेस ते!" खांदा लोकर कातरण्याजोगा राहिला नाही, शेडमध्ये लोकर निवडायचं काम आहे. किती दिवस टिकेल मला माहीत नाही. आज टिकलंय.

घरी येऊन रॉसला सगळं सांगितलं, ट्रेव्हरपासून. तो म्हणाला, "किराण्याची यादी बरीच लांब होती." मग दोघांनी खूप वेळ टीव्ही लावला नाही.

१४ ऑगस्ट

आज खिडकी बंद करताना स्टँको आला. एकटा. गाल बसलेत, नाक गळतंय.

"मिस, यादी भरली का?"

"कसली?" मला माहीत होतं.

"सुईची."

मी त्याच्याकडे बघितलं. याच्या हातावर कोडीने पट्टी थुंकली होती. मनात आलं, भरली म्हणून सांगावं. अगदी सोपं होतं.

"किती वर्षं घेतोस?"

"चौदा."

"मग आधी का नाही आलास?"

"आलो होतो. तीन वर्षांपूर्वी, पट्टीच्या यादीसाठी. चार महिने थांबलो, माझा नंबर आला होता." भिंतीकडे बघत म्हणाला, "मग तुम्ही माझ्या गादीतून पुडी काढलीत, आणि नाव कापलं गेलं."

मला ती गादी आठवेना. इतक्या गाद्या फाडल्यात. दवाखान्याची जुनी नोंदवही काढून बघितली. होतं नाव, त्यावर लाल रेघ.

"तू पोरांना मारत होतास," मी म्हटलं.

"हो."

"ते मी विसरणार नाही. रिपोर्टही करणार."

"करा."

सेमिसी मागे उभा होता. मी फॉर्म ओढला आणि लिहायला बसले. नाव, कोठडी, जन्मतारीख, शेवटचं कधी घेतलं. मग ती ओळ आली: काही झालं तर कुणाला कळवायचं.

"कुणी नाही," म्हणाला. "तसंच लिहा."

मी पेन उचलून थांबले. मग तो म्हणाला, "बहीण आहे, बॅलरॅटला. नऊ वर्षं बोलणं नाही."

"नंबर असेल का कुठे?"

त्याने सांगितला. न अडखळता, दहाच्या दहा आकडे, डोळे मिटून. मी लिहून घेतला, आणि चूक नको म्हणून त्याला पुन्हा एकदा वाचून दाखवला.